तोटा कोण भरतो? लोकशाहीतल्या समाजवादाबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: आजच्या लोकशाही देशांत समाजवादाचे फायदे जास्त की तोटे, आणि यावर वाद घालायचा तर सुरुवात कुठून करावी? विचारणाऱ्याची तक्रार आहे की चर्चा दर वेळी एकाच जागी येऊन अडकते. एक बाजू स्वीडनचे नाव घेते, दुसरी व्हेनेझुएलाचे, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते.

अडकते, कारण ‘समाजवाद’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे सरकारी मालकी: खाणी, रेल्वे, तेल, बँका. दुसरी, कामगारांची मालकी किंवा कारभारातला वाटा: सहकारी कारखाने, संचालकांच्या टेबलाशी बसणारे कामगार प्रतिनिधी. तिसरी, बाजार आहे तसा चालू ठेवून भरपूर कर गोळा करायचा आणि त्यातून शिक्षण, आरोग्य, निवृत्तिवेतन सगळ्यांना द्यायचे. नॉर्डिक देशांत (स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क वगैरे) मुख्यतः हे तिसरे आहे. चौथी, भाव सरकारने बांधून द्यायचे. डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान लार्स लोक्के रासमुसेन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका भाषणात स्पष्टच सांगितले होते की डेन्मार्क ही समाजवादी नियोजनाची नव्हे, बाजाराची अर्थव्यवस्था आहे. उलट भारताच्या घटनेच्या उद्देशिकेत १९७६ पासून ‘समाजवादी’ हा शब्द आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा लावला. खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही असे म्हटले. एक देश शब्द नाकारतो आणि सरसकट सेवा देतो, दुसरा शब्द ठेवतो आणि खासगी उद्योग चालू देतो. शब्दावर वाद घालून काहीच हाती लागत नाही ते यामुळे.

म्हणून देशाचे किंवा विचारसरणीचे नाव बाजूला ठेवा, एकेक व्यवस्था समोर घ्या आणि तिला विचारा: इथे तोटा झाला तर तो कुठे दिसतो, आणि कोण भरतो? तोटा कधी नाहीसा होत नाही. तो करदात्याकडे जातो, नाहीतर गिऱ्हाइकाकडे, नाहीतर रांगेत ताटकळणाऱ्याकडे, नाहीतर महागाईच्या वाटेने सगळ्यांच्या खिशातून. जिथे तो ताळेबंदात उघड दिसतो आणि लोकांनी तो भरायला मत दिलेले असते, तिथे समाजवादी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या आहेत. जिथे तो लपतो, तिथे त्या आतून पोखरल्या जातात. हाच प्रश्न खासगी बाजारालाही लावायचा, आणि समाजवादाची सर्वांत भक्कम बाजू तिथेच सापडते.

आजारपण घ्या. आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीला एक गोष्ट नीट कळत नाही: समोरचा माणूस आजारी पडण्याची शक्यता किती. ते त्या माणसालाच जास्त ठाऊक असते. कंपनीने सरासरी खर्चावर हप्ता ठरवला की धडधाकट लोकांना तो महाग वाटतो आणि ते विमा काढत नाहीत. उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, म्हणून हप्ता वाढतो, म्हणून त्यांच्यातले त्यातल्या त्यात निरोगी बाहेर पडतात. असे थर गळत गेले की शेवटी ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो परवडेनासा होतो, किंवा कंपनी त्याला घेतच नाही. सगळे प्रामाणिक असले तरी हेच घडते. तोटा त्या आजारी माणसाच्या घरात जाऊन बसतो. तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे कुणालाही बाहेर पडता न येणे, म्हणजे सक्तीची वर्गणी. ती करातून घ्या किंवा पगारातून. जर्मनीत सक्तीच्या आजारविम्याचा कायदा १८८३ मध्ये चॅन्सेलर बिस्मार्कने आणला, आणि बिस्मार्क हा समाजवाद्यांवर बंदी घालणारा माणूस होता. बेरोजगारीचा विमा तर आणखी अवघड, कारण मंदी आली की सगळ्यांचे दावे एकाच वेळी येतात. तेवढा धोका कुठलीही खासगी कंपनी पेलू शकत नाही. ही बाजू मांडणाऱ्याने दयेची भाषा सोडून हा हिशोब मांडावा. तो खोडून काढणे फार कठीण आहे.

आता पुनर्वाटपाचे गणित. तीन माणसे घ्या, कमाई २०, ४० आणि १२०. सगळ्यांवर सरळ २५ टक्के कर. जमा होतात ५, १० आणि ३०, एकूण ४५. ते तिघांना सारखे वाटा, प्रत्येकी १५. रोख नाही तर शाळा, दवाखाना, पाळणाघर या रूपात. शेवटी पहिल्याकडे ३०, दुसऱ्याकडे ४५, तिसऱ्याकडे १०५. सुरुवातीला श्रीमंत आणि गरीब यांच्यात सहा पट अंतर होते, आता साडेतीन पट. श्रीमंतासाठी वेगळा चढा दर लावलेला नाही आणि गरिबाला वेगळे काढून मोजलेलेही नाही. चढते दर लावले तर अंतर आणखी कमी होईल, पण बरेचसे काम ‘सगळ्यांकडून घ्या, सगळ्यांना द्या’ एवढ्यातच होऊन जाते.

१२० कमावणाऱ्याला १५ कशाला परत द्यायचे, असा प्रश्न इथे दोन्ही बाजूंचे लोक विचारतात. फक्त गरजूंना द्या, पैसा वाचेल. ऐकायला रास्त आहे, पण करून पाहिले की काय होते ते बघा. गरजूंपुरती मदत म्हणजे कमाई वाढली की मदत कापावी लागते. समजा प्रत्येक १०० जादा कमाईमागे ६० ची मदत कापली जाते आणि त्याच १०० वर २५ टक्के कर आहे. हातात राहतात १५. त्यातून कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलांना सांभाळायला ठेवण्याचा खर्च वजा केला की काम करणे तोट्याचे ठरते. श्रीमंतावर ८५ टक्के कर लावायचे म्हटले तर संसदेत गदारोळ होईल, पण गरिबावर तेवढाच भार नियमाच्या आडून बसतो. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या मदत योजनेत हा कापणीचा दर २०२१ पर्यंत ६३ टक्के होता, मग ५५ वर आणला. माणूस आळशी झाला म्हणून मदत फुकट गेली असे विरोधक म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा दोष माणसाचा नसून या कोष्टकाचा असतो. आणि समर्थकांनीही हे कोष्टक न बघता योजनेची बाजू घेऊ नये. सरसकट योजनेला हा सापळा नसतो. शिवाय ज्या शाळेत डॉक्टरचे आणि वकिलाचे मूल जाते, त्या शाळेचे छप्पर गळायला लागले की ओरड लगेच वरपर्यंत पोचते. फक्त गरिबांसाठी असलेली सेवा हळूहळू गरीब दर्जाची होते. स्वीडनने १९४८ मध्ये मुलांचा भत्ता सगळ्या कुटुंबांना सरसकट लागू केला आणि तो आजही सरसकटच आहे.

याची किंमत मात्र प्रामाणिकपणे सांगावी लागते, आणि समाजवादाचे समर्थक वादात सर्वांत जास्त इथेच घसरतात. ‘श्रीमंत भरतील’ हे पुरेसे उत्तर नाही. १९७० च्या दशकात तीन वेगवेगळ्या लोकशाह्यांनी वरच्या करदराची हद्द गाठून पाहिली. भारतात १९७३-७४ मध्ये ८५ टक्के दर आणि त्यावर १५ टक्के अधिभार मिळून सर्वोच्च दर ९७.७५ टक्के झाला. ब्रिटनमध्ये गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तो ९८ टक्क्यांपर्यंत गेला. स्वीडनमध्ये तर १९७६ मध्ये लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी हिशोब करून दाखवला की त्यांच्या वाढीव उत्पन्नावर १०२ टक्के देणे लागते. त्याच वर्षी चार दशकांहून अधिक काळ सत्तेत असलेला सोशल डेमॉक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. एवढ्या दराला उत्पन्न जागेवर थांबत नाही. ते भांडवली नफा म्हणून दाखवले जाते, नातेवाइकांच्या नावावर जाते, परदेशी जाते, किंवा माणूस ते कमावतच नाही. कागदावरचा दर चढतो, तिजोरीतली आवक तेवढी चढत नाही.

आजचा स्वीडन म्हणूनच बऱ्याच जणांच्या कल्पनेपेक्षा वेगळा आहे. कंपनी कर २०.६ टक्के, म्हणजे मध्यम. वारसा कर २००४ च्या अखेरीस रद्द झाला, संपत्ती कर २००७ मध्ये. कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही. ते संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारातून ठरते. आणि मूल्यवर्धित कराचा मुख्य दर २५ टक्के, जो प्रत्येक गिऱ्हाईक भरतो. कल्याणकारी राज्याचा गाडा मध्यमवर्ग ओढतो. ‘आपल्यालाही स्वीडन हवा’ म्हणणाऱ्याला विरोधकाने नेमके हे विचारावे: बहुतेक खरेदीवर २५ टक्के कर द्यायला तुमचे मतदार तयार आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर वाद बराचसा संपला. ‘नाही’ असेल तर योजना कर्जावर किंवा नोटा छापून चालणार, आणि तोटा लपायला सुरुवात झाली.

रांगेत तोटा कसा लपतो ते ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्वच्छ दिसते. ती ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. उपचार घेताना पैसे द्यायचे नाहीत हे तिचे तत्त्व. चष्मे आणि दातांच्या कवळ्यांना पहिल्याच वर्षी इतकी मागणी आली की अंदाज कोलमडले. लोक वर्षानुवर्षे धूसर डोळ्यांनी आणि दुखऱ्या हिरड्यांनी जगत होते; ती साचलेली गरज होती. १९५१ मध्ये सरकारने या दोन गोष्टींवर शुल्क लावायचे ठरवले आणि ही सेवा ज्यांनी उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिमंडळ सोडले. भावनेने बेव्हन बरोबर होते, पण मूळ पेच त्यांच्या राजीनाम्याने सुटला नाही. किंमत शून्य केली की मागणीला दुसरे काहीतरी आवर घालते, आणि ते म्हणजे वाट बघणे.

रांग वाईटच असे नाही. खिशाऐवजी गरजेनुसार लावलेली रांग किमतीपेक्षा न्याय्य असते. अडचण अशी की तिचा खर्च अर्थसंकल्पात दिसत नाही. सरकारने पाच टक्के कपात केली तर वित्तमंत्र्याच्या कागदावर बचत दिसते आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या माणसाचे वर्ष कुठेच मांडले जात नाही. त्यात रांगेचे गणित फसवे असते. क्षमतेच्या ८० टक्के वापर असताना सरासरी वाट बघण्याचा वेळ ४ धरला, तर रांगेच्या साध्या गणिती नमुन्यात ९५ टक्के वापराला तो १९ होतो. वापर पंधरा अंकांनी वाढला, रांग जवळजवळ पाच पट. म्हणजे ‘खाटा रिकाम्या पडतात, कापा’ हा कार्यक्षमतेचा आग्रह सार्वजनिक रुग्णालयात नेमका उलटा पडतो. इंग्लंडमध्ये ९२ टक्के रुग्णांवर १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असे मानक आहे आणि ते २०१६ पासून गाठलेले नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण तिथे रांगेचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात. ज्या सार्वजनिक सेवेत रांग मोजली जात नाही, तिथे ती नसते असे समजू नका.

भाव बांधणे हा वर सांगितलेल्या चारांतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा प्रकार. तो कसा बिघडतो याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. भाव निर्मितीखर्चाच्या खाली बांधला की कारखाना लगेच बंद पडत नाही. आधी तो डागडुजी थांबवतो. मग माल हलका करतो किंवा यादीत नसलेला प्रकार काढतो: साध्या तांदळाला बांधलेला भाव असेल तर चव लावलेला तांदूळ. मग दुकानातल्या फळ्या रिकाम्या होतात आणि तोच माल मागच्या दाराने दुप्पट भावाला मिळतो. सरकार साठेबाजांवर छापे घालते, त्यामुळे उरलासुरला साठाही कुणी ठेवत नाही. शेवटी सरकार कारखाना ताब्यात घेते आणि आता तोटा त्याचा स्वतःचा होतो.

व्हेनेझुएलात फेब्रुवारी २००३ मध्ये भाव आणि परकीय चलन दोन्ही बांधले गेले. २००९ मध्ये भातगिरण्या बांधलेल्या भावाचा साधा तांदूळ काढत नाहीत म्हणून सैनिक पाठवले गेले. स्वस्त सरकारी डॉलर मिळवण्यासाठी आयातीची बिले फुगवणे हाच मोठा धंदा झाला. तेलाचे भाव चढे होते तोवर आयातीने हे झाकले. २०१४ मध्ये भाव कोसळले, तूट नोटा छापून भरली गेली आणि पुढे अतितीव्र चलनवाढ आली. गरिबांसाठी बांधलेल्या भावाचा सर्वांत जास्त मार गरिबांनाच बसला, याबद्दल मनात राग यायला हवा, समर्थकांच्याही.

घरभाड्याचे उदाहरण मात्र दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये बहुतेक घरांची भाडी गोठवली. ज्यांच्याकडे घर होते त्यांना दिलासा मिळाला, पण नव्याने भाड्याने मिळणारी घरे ठळकपणे कमी झाली. घर शोधणाऱ्याने तोटा भरला. एप्रिल २०२१ मध्ये संघराज्य घटना न्यायालयाने कायदाच रद्द केला, कारण तो करण्याचा अधिकार त्या राज्याला नव्हता, आणि भाडेकरूंवर फरकाची थकबाकी येऊन पडली. व्हिएन्नाने वेगळी वाट धरली. १९२३ मध्ये तिथल्या समाजवादी महापालिकेने घरांवर चढता कर बसवला, आलिशान घरांना फार जड आणि कामगारांच्या घरांना नाममात्र, आणि तो पैसा फक्त बांधकामात घातला. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. आजही त्या शहरातली सुमारे निम्मी माणसे महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरात राहतात. एका शहराने भाव बांधला, दुसऱ्याने पुरवठा बांधला. दुसऱ्याचा खर्च पहिल्या दिवसापासून कराच्या पावतीवर छापलेला होता.

सरकारी मालकीबद्दल बोलताना १ जानेवारी १९४७ ची सकाळ आठवावी. ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या दारांवर त्या दिवशी पाट्या लागल्या: ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवते. खाणकामगारांची ती पिढ्यांची मागणी होती. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक तेच, मुकादम तेच, हुकूमही वरूनच येणारे. मालकी बदलली, कामाच्या जागेवरची सत्ता बदलली नाही. पगार आणि सुरक्षिततेत सुधारणा झाली, पण ‘ही खाण आमची’ ही भावना पाटीने आली नाही. पोलादाचे तर आणखी वाईट झाले: १९५१ मध्ये राष्ट्रीयीकरण, १९५३ पासून परत विक्री, १९६७ मध्ये पुन्हा राष्ट्रीयीकरण, १९८८ मध्ये पुन्हा खासगी. ज्या उद्योगाची भट्टी तीस वर्षांचा विचार करून बांधावी लागते, त्याचा मालक निवडणुकीगणिक बदलण्याच्या भीतीखाली कुणी मोठी गुंतवणूक करत नाही. लोकशाहीत सरकार बदलणारच, म्हणून ज्या मालकीवर दोन्ही मोठे पक्ष राजी नाहीत ती घेणे हा स्वतःच एक खर्च आहे.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या दुखण्याला ‘मऊ अर्थसंकल्पी मर्यादा’ असे नाव दिले. कारखान्याला ठाऊक असते की तोटा झाला तरी सरकार बुडू देणार नाही, मग खर्च आवरण्याची निकड राहत नाही. हे नोंदले गेले समाजवादी नियोजनात, पण लोकशाहीतल्या सार्वजनिक उपक्रमांना, आणि ‘बुडू देता येणार नाही’ अशा खासगी बँकांनाही, ते तितकेच लागू आहे. बँकेत तोटा लपवणे तर सर्वांत सोपे: थकलेले कर्ज फेडायला नवे कर्ज द्यायचे. भारताने १९ जुलै १९६९ ला १४ बँका राष्ट्रीयीकृत केल्या, आणि खासगी मालक कधी गेले नसते तिथे शाखा गेल्या. हा फायदा खरा आहे. कर्ज कुणाला द्यायचे यात राजकीय दबाव शिरला हेही खरे. साचलेल्या बुडीत कर्जांपोटी २०१७ मध्ये सरकारी बँकांत २.११ लाख कोटी रुपयांचे भांडवल ओतण्याची घोषणा करावी लागली.

स्वीडन विरुद्ध व्हेनेझुएला ही तुलनाच मुळात चुकीची आहे. तेलाच्या बाबतीत व्हेनेझुएलाशेजारी नॉर्वे ठेवायला हवा. दोन्हीकडे तेल सरकारचे. नॉर्वेने १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनी काढली, आजही तिचे ६७ टक्के शेअर सरकारकडे आहेत. तेल उत्पादनाच्या नफ्यावरचा कर ७८ टक्के. पण पैसा मंत्र्याच्या हाती येत नाही. १९९० च्या कायद्याने निधी स्थापला, १९९६ मध्ये पहिली रक्कम पडली, तो परदेशातच गुंतवायचा, मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली. २००१ पासून नियम असा की सरकारने सरासरीने निधीच्या अंदाजे परताव्याएवढेच खर्चायचे. तो दर आधी ४ टक्के धरला, २०१७ पासून ३ टक्के. व्हेनेझुएलात २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतून सुमारे १८,००० कर्मचारी काढले गेले, अनुभवी अभियंते गेले, आणि कंपनीच्या पैशातून थेट सामाजिक योजना, घरबांधणी, अन्नवाटप सुरू झाले. विहिरींची देखभाल मागे पडली. रोजचे उत्पादन सुमारे ३० लाख पिंपांवरून २०२० पर्यंत दहा लाखांच्या खाली आले. मालकी दोन्हीकडे सार्वजनिक, फरक कुलपाचा. नॉर्वेत किल्ली एका हाती नाही आणि आकडे सगळ्यांना दिसतात.

कामगारांच्या वाट्याचा प्रकार चर्चेत कमी येतो, पण मला तो सर्वांत आशेचा वाटतो. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने २,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कामगारांच्या. मते सारखी पडली तर अध्यक्षाला दुसरे मत, आणि अध्यक्ष सामान्यतः भागधारकांचा. ५०० ते २,००० मध्ये एक तृतीयांश जागा. कामगारांना हिशोब आतून दिसतो, त्यामुळे ‘तोटा होतोय’ हे मालकाचे वाक्य खरे की खोटे ते तपासता येते, आणि कपात करायची वेळ आली तर ती वाटाघाटीने होते.

स्वीडनने याच्या खूप पुढे जायचा प्रयत्न केला होता. कामगार संघटनांच्या महासंघासाठी रुडॉल्फ माइडनर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर योजना मांडली: मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा पाचवा भाग दरवर्षी नव्या शेअरच्या रूपात संघटनांच्या निधीला द्यायचा. भांडवल १०० आणि नफा १० असेल तर वर्षाला २ चे शेअर. साध्या चक्रवाढीने सुमारे ३५ वर्षांत निम्मी मालकी निधीकडे. नफा २० असेल तर सुमारे १८ वर्षांतच. म्हणजे जी कंपनी अधिक चांगली चालेल ती मालकाच्या हातून लवकर जाईल. हा दोष योजनेच्या सूत्रातच होता आणि विरोधकांनी तो अचूक हेरला. ४ ऑक्टोबर १९८३ ला स्टॉकहोममध्ये उद्योजक आणि कर्मचारी हजारोंनी रस्त्यावर उतरले. पातळ केलेला कायदा डिसेंबरमध्ये मंजूर झाला, पण अर्थमंत्री शेल-ओलोफ फेल्ट यांनीच संसदेत बसल्या जागी निधीची टवाळी करणारी कविता खरडली होती आणि वृत्तछायाचित्रकाराने ती टिपली. १९९१ मध्ये सत्ता बदलली आणि निधी गुंडाळला गेला. बहुतेक मतदारांच्या लेखी तो संघटनांच्या नेत्यांचा निधी होता. एकाही कामगाराच्या हाती स्वतःचा म्हणावा असा शेअर नव्हता.

स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोनमध्ये हिशोब उलटा आहे. १९५६ पासून वाढत गेलेल्या या सहकारी कारखान्यांत सभासद होताना कामगाराला स्वतःचे भांडवल घालावे लागते, एक सभासद एक मत, आणि वरच्या-खालच्या पगारातले अंतर बांधलेले, साधारण सहा पटीपर्यंत. तोटा झाला तर पगार आणि वैयक्तिक खात्यातून वजा होतो. घरगुती उपकरणे बनवणारा त्यांचा फागोर हा कारखाना २०१३ मध्ये बुडाला, कारण भावंड संस्थांनी बरीच वर्षे मदत केल्यावर आणखी पैसे घालायला नकार दिला. कारखाना वाचवला नाही, पण सभासदांपैकी बहुतेकांना इतर संस्थांत काम किंवा लवकर निवृत्ती देऊन सांभाळून घेतले. उद्योगाला बुडू देणे आणि माणसाला न बुडू देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एक अडचण कितीही चांगल्या रचनेने पूर्ण सुटत नाही: सीमा. फ्रान्समध्ये मे १९८१ मध्ये समाजवादी फ्रांस्वा मित्तराँ अध्यक्ष म्हणून निवडून आले. किमान वेतन वाढले, पाचवा आठवडा पगारी रजा, निवृत्तीचे वय ६०, बँका आणि मोठे उद्योगसमूह राष्ट्रीयीकृत. लोकांच्या हाती पैसा आला आणि त्यातला बराच आयात मालावर गेला, कारण त्या वेळी शेजारचे देश खर्च आवरत होते. ऑक्टोबर १९८१ ते मार्च १९८३ या दीड वर्षात फ्रँकचे तीनदा अवमूल्यन करावे लागले आणि मग सरकारने दिशाच बदलली. त्यातल्या रजा आणि निवृत्तीचे हक्क दशकानुदशके टिकले. खर्चाने अर्थव्यवस्था उचलण्याचा बेत दोन वर्षेही टिकला नाही.

शेवटी संमतीचा मुद्दा, आणि त्यासाठी चिलीइतके बोलके उदाहरण नाही. समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास मतांनी अध्यक्ष झाले. संसदेत त्यांच्या आघाडीचे बहुमत नव्हते. तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण त्यांनी घटनादुरुस्तीने केले आणि जुलै १९७१ मध्ये संसदेने ते एकमताने मंजूर केले, उजव्या पक्षांसकट. बाकीचे शेकडो कारखाने मात्र १९३२ च्या एका जुन्या हुकुमातल्या पळवाटा वापरून ताब्यात घेतले गेले, कारण त्यासाठी मते मिळाली नसती. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने लोकशाहीच चिरडली, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण नंतर काय राहिले ते बघा. पळवाटेने घेतलेले कारखाने उठावानंतर सत्तेवर आलेल्या हुकूमशहाने, पिनोशेने, एकेक करून परत दिले किंवा विकले. तांब्याच्या त्या खाणींना त्याने हात लावला नाही. १९७६ मध्ये त्यांची कोडेल्को ही सरकारी कंपनी झाली, आणि ती आजही सरकारचीच आहे.